पिशवीतली कणसं

हरिबाच्या वस्तीवरून उपाशी परत गेलेला माणूस अख्ख्या मंगळवेढा तालुक्यात शोधून सापडायचा नाही. मीटर बघायला आलेला वायरमन, मेंढरांना लस टोचायला आलेला डॉक्टर, वाट चुकलेला ट्रॅक्टरवाला, सगळ्यांनी त्याच्या ओट्यावर बसून भाकरी मोडलेली आहे. एकदा मोबाइलच्या टॉवरसाठी जागा बघायला दोघं आले होते. तेही पोटभर जेवले आणि टॉवर शेजारच्या गावाला उभा केला. हरिबाला टॉवर गेल्याचं काही वाटलं नाही. ते दोघं पुन्हा जेवायला आले नाहीत, याचं मात्र वाटलं.

चहा घेणार का, जेवणार का, असं तो कधी विचारत नसे. विचारलं की माणूस भिडेनं नको म्हणतो, असं त्याचं मत. ताट पुढं ठेवायचं आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत जायचं, म्हणजे माणूस निमूट जेवतो. त्याची बायको केराबाई या सवयीला उभा जन्म नावं ठेवत आली आणि उभा जन्म दोन भाकरी जास्त थापत आली.

हरिबा अंगानं काटकुळा, मिशा पांढऱ्याशुभ्र, खांद्यावर बारमाही घोंगडं. माळावर थोडं काळं रान, पन्नासेक मेंढरं, चार शेळ्या. मुलगा आणि सून चाकणला कंपनीत, म्हणून नात सृष्टी लहानपणापासून या दोघांकडंच वाढली. हरिबाला दोन गोष्टींचा फार तोरा होता. एक ही नात आणि दुसरं घरचं ज्वारीचं बी. बाजारातलं बी त्यानं कधी रानात पडू दिलं नाही. काढणीच्या आधी सगळ्या रानातून हिंडायचं, डोळ्यांत भरतील ती कणसं हेरायची आणि पुढच्या पेऱ्यासाठी घरात टांगून ठेवायची, हे त्याचा बाप करायचा आणि तोही करत आला.

या बियात एक खोड होती. पेरा उगवून आला की हिरव्या तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, मधूनच एखादं रोप पांढरं निघायचं. पिवळट नव्हे, दुधासारखं पांढरं. दाण्यात साठवलेलं असेल तेवढं खाऊन ते आठ-दहा दिवस तग धरायचं आणि मग मान टाकायचं. केराबाईला ते अशुभ वाटे. दिसलं की ती उपटून बांधावर फेकायची. हरिबा म्हणायचा, राहू दे की, जगंल तेवढं जगंल. सृष्टी तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागली होती. ती त्या पांढऱ्या रोपाजवळ उकिडवी बसून राहायची आणि हे असं का म्हणून विचारायची. जगातल्या सगळ्या गोष्टींना उत्तर असलेल्या हरिबाकडं याचं उत्तर नव्हतं. त्याला हिरवं व्हायचं जमंना, एवढंच तो सांगू शकला.

पोरीचं समाधान झालं नाही ते झालंच नाही. त्या एका प्रश्नाच्या मागं लागून ती वनस्पतिशास्त्र शिकली, आणि आता सोलापूरच्या विद्यापीठात हिरेमठ सरांच्या हाताखाली त्याच पांढऱ्या रोपांवर पीएच.डी. करत होती. वस्तीवरचं बी शिकायला विद्यापीठात गेलं, याचा हरिबाला नातीच्या शिक्षणाएवढाच अभिमान. भेटेल त्याला तो सांगायचा.

नक्की काय शिकतेस, असं केराबाईनं एकदा विचारलं, तेव्हा सृष्टीनं ओट्यावर बसून दोघांना समजावलं होतं. पानाच्या कणाकणात हिरवे बारीक ठिपके असतात, त्यांना हरितलवक म्हणतात. उन्हाच्या जोरावर झाडाचं अन्न तिथं शिजतं. म्हणजे झाडाची चूलच की, केराबाई म्हणाली. या चुलीजवळ तिची स्वतःची थोडी जनुकं असतात, म्हणजे काय कसं रांधायचं याच्या सूचना. एखाद्या सूचनेची नक्कल उतरवली की ती आरएनए होऊन कामाला निघते. पण त्या नकलेत मध्येच निरुपयोगी मजकूर घुसलेला असतो. तो नेमका कापून काढायचा आणि दोन टोकं जोडायची, तरच सूचना उपयोगी पडते. हे कापाकापीचं काम करणारं जनुक हरितलवकातच असतं, त्याला मॅट-के म्हणतात. आणि गंमत अशी, की हे मॅट-के स्वतःच दुसऱ्या एका जनुकातल्या अशाच कापून टाकायच्या तुकड्याच्या आत बसलेलं असतं.

हरिबा मेंढरं कातरणारा माणूस. त्यानं जरा डोकं खाजवलं आणि म्हणाला, "म्हंजी कातर पोत्यात ऱ्हायली आन् पोतं शिवून टाकलं."

सृष्टी हसली, पण नाही म्हणाली नाही. आपल्या पांढऱ्या रोपांत ही कातर चालतच नसावी, असा तिचा आणि सरांचा अंदाज होता. चूक हरितलवकातली नाही, पेशीच्या मुख्य केंद्रातलं एक मदतीचं जनुक बिघडलंय, म्हणून हरितलवकातली कापाकापी अडलीय आणि चूल पेटत नाही. पण अंदाजाला कोण विचारतो? पांढरी रोपं भरपूर उगवायची, ती मरायच्या आत त्यांच्या पानांतला आरएनए काढायचा, आणि मजकूर कापला गेलाय की नाही हे बघायचं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढंच राहिलं होतं.

आता पांढरं रोप तर कोवळेपणीच मरतं, त्याला कणीस कुठलं यायला? ही रोपं येतात ज्वारीच्या हिरव्या ताटांच्या, म्हणजे धाटांच्या पोटी. ते ताट दिसायला चारचौघांसारखं असतं, पण आतून तो दोष बाळगून असतं, आणि त्याच्या चार दाण्यांतला एक पांढरा उगवतो. अशी ताटं कुठली ते डोळ्यांना कळत नाही. सृष्टीनं रानातल्या आपल्या तुकड्यातल्या प्रत्येक ताटाच्या पानाचा कपटा सोलापूरला नेऊन तपासला होता. तेव्हा कुठं दहा-बारा ताटं हाती लागली. मागच्या वर्षीचं बी तपासण्या आणि पेरणीत संपलेलं, म्हणजे जे काय होतं ते या ताटांवर. फुलोरा यायच्या आधी तिनं त्यांच्या कणसांवर खाकी कागदाच्या पिशव्या चढवल्या, दुसऱ्या ताटाचे परागकण आत जाऊ नयेत म्हणून. आबांना बजावून सांगितलं, ही लई मोलाची कणसं हायत, कुणाला हात लावू देऊ नका. हरिबानं ती तळहातावरच्या फोडासारखी जपली. पाखरं हाकलली, पोरं हाकलली, आणि स्वतःच्या मेंढरांना त्या बांधावर फिरकू दिलं नाही.

जानेवारीत हिरेमठ सर रान बघायला येणार असं ठरलं. सर मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कन्नड बोलणारे, जूनमध्ये निवृत्त होणार होते. त्याआधी सृष्टीचा प्रबंध हातावेगळा करायचा, असा त्यांचा हट्ट होता. ते गेल्यावर दुसरे मार्गदर्शक शोधायचे म्हणजे नवा डाव मांडण्यासारखंच.

नातीचे गुरू, विद्यापीठातला एवढा मोठा माणूस, आणि दिवस हुरड्याचे. हरिबाच्या अंगात चार हत्तींचं बळ आलं. सृष्टी सर आणि दोन विद्यार्थ्यांना घेऊन आधी वस्तीवर चहाला येणार आणि मग रानात, असा बेत होता. हरिबानं सकाळीच रानात आगटी पेटवली. गोवऱ्यांचा फुललेला विस्तव तयार झाला. आता कणसं कुठली घ्यायची?

इथं त्याच्या घरची रीत सांगायला हवी. हुरड्याला पाहुणे येणार असले की तो रानातली भरघोस ताटं आधीच हेरून त्यांना चिंधी बांधून ठेवायचा. चिंधीचं ताट पाहुण्यांचं, त्याला घरच्या माणसानं हात लावायचा नाही. घरातसुद्धा असंच. जे झाकलेलं, बांधलेलं, वर फळीवर ठेवलेलं, ते येणाऱ्यासाठी. नवं घोंगडं, तुपाचं गाडगं, काचेचे कप. यंदा राखणीच्या गडबडीत चिंध्या बांधायच्या राहिलेल्या, म्हणून हरिबानं रानावर नजर टाकली. उघड्या कणसांवर चिमण्यांनी ताव मारलेला. पिशव्या उघडून बघितलं तर आत एकेक कणीस दाण्यांनी गच्च, एक दाणा टिपलेला नाही. पोरगी म्हणाली होती, मोलाची हायत, कुणाला हात लावू देऊ नका. बरोबरच आहे. गुरूंसाठी तिनं आपल्या हातानं बांधून राखून ठेवली आहेत. नातीनं आपली रीत उचलली, हे बघून त्याचे डोळे भरून आले. सगळ्या पिशव्या त्यानं नीट घडी करून दगडाखाली ठेवल्या आणि कणसं खुडली.

मंडळी रानात आली तेव्हा पहिली कणसं भाजून तयार होती. हरिबा पोत्यावर गरम कणीस चोळत होता, फुंकर मारून भुसकट उडवत होता आणि हिरवे लुसलुशीत दाणे पळसाच्या पानावर घालत होता. शेजारी शेंगदाण्याची चटणी, गूळ, घट्ट दही. सरांनी आयुष्यात असा हुरडा खाल्ला नाही असं सांगितलं आणि तीनदा मागून घेतला. विद्यार्थ्यांनी बोलायचं सोडून खाल्लं. सृष्टीनंही दोन मुठी खाल्ल्या आणि आबा, यंदा दाणा काय गोड हाय, असं म्हणाली. हरिबाला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

मग हात धुऊन सगळे ताटं बघायला निघाले.

सृष्टी पुढं होती. ती थांबली, म्हणून मागचे थांबले. तिच्या तुकड्यातली ताटं उभी होती, पण त्यातल्या दहा-बारांना मुंडकी नव्हती. बांधावरच्या दगडाखाली खाकी पिशव्यांची घडी होती. सर हळूच खाली बसले. त्यांनी आधी हरिबाकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं, आणि म्हणाले, "अगं, तुझं शेवटचं प्रकरण मी चटणीबरोबर खाल्लं."

हरिबाला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो सृष्टीजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला वाटलं, सरांसाठी बांधून ठिवलीस."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती वळली आणि म्हणाली, "व्हय आबा. तुमाला तसंच वाटणार की. मीच नीट सांगाया पायजे हुतं." आवाज अगदी साधा होता, डोळे तेवढे भरले होते. हरिबाला त्या क्षणी धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मार्ग निघाला तो त्या ताटांपाशीच. कणसं गेली होती, पण ताटं हिरवीगार उभी होती, मुळं शाबूत होती. ज्वारी बुडापासून कापून पाणी दिलं की फुटते, तिला पुन्हा कणीस धरू शकतं, आणि झाड तेच असल्यामुळं त्याच्या पोटातला दोषही तोच. सर आणि सृष्टी दोघंही एकदमच त्यावर बोलायला लागले. वेळ फार उरलेला नव्हता, उन्हाळा तोंडावर होता, कणसं धरतील याची खात्री नव्हती. तरी त्याच दिवशी सृष्टीनं विळा घेऊन ती ताटं बुडाजवळ कापली. हरिबा विळा मागत होता, पण तिनं स्वतःच कापली. त्यानं पुन्हा मागितला नाही.

फेब्रुवारीत बुडख्यांना कोंब फुटले. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, म्हणून हरिबा कळशीनं पाणी घालायचा, सकाळी आणि दिवस मावळताना. ज्वारीचे असे कोवळे फुटवे मेंढरांनी खाल्ले तर विष चढून जनावर जागच्या जागी पडतं. त्यानं तुकड्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, आणि तरीही धीर धरवेना म्हणून सगळा कळप पुतण्याबरोबर, बसूबरोबर, लांब चारणीला धाडून दिला. मेंढरांशिवाय त्याला वस्ती खायला उठायची. पण एखादं मेंढरू कुंपणात शिरलं तर मेंढरूही जाईल आणि पोरीचं प्रकरणही, हा विचार त्याला झोपू देत नव्हता.

सृष्टीचा फोन रोज यायचा. फुटवे केवढे झाले, पानं पिवळी पडली का, किडा दिसतो का. ती प्रेमानंच बोलायची. पण हरिबाला प्रत्येक वाक्यात आपली चूक ऐकू यायची.

आणि केराबाईला दिसत होतं ते वेगळंच. मार्चमध्ये वायरमन मीटर बघायला आला. ओट्यावर टेकला, घाम पुसला. हरिबा समोर बसला आणि त्यानं विचारलं, चहा घेणार का? वायरमन जरा गोंधळला, भिडेनं नको म्हणाला, आणि पाणी पिऊन निघून गेला. केराबाई दारात उभी राहून हे बघत होती. त्या घरातून कुणी नुसतं पाणी पिऊन गेलेलं तिनं पहिल्यांदाच बघितलं. पुढं तर तो घरातल्या घरातही विचारायला लागला. फळीवरचा गुळाचा डबा काढायचा तरी, हे कुणासाठी राखून तर ठिवलं न्हाय न्हवं, असं विचारायचा. जन्मभर त्याच्या हात सैल सोडण्यावर तोंडसुख घेणारी ती बाई, पण तिला आता बोलवेना. तिनं सृष्टीला फोनवर एवढंच सांगितलं, तुझा आबा वाढायचं इसरलाय.

एप्रिलच्या कडक उन्हात फुटव्यांना कणसं धरली. मुठीत मावतील एवढीच, हुरड्याच्या कणसांच्या निम्मीही नाहीत, पण त्यांत दाणा भरला. पिशव्या चढवायला सृष्टी आली, आणि दाणे कडक झाल्यावर कणसं काढायलाही तीच आली. हरिबा कुंपणाबाहेर उभा राहून लागेल ती वस्तू हातात देत होता. कणसांना त्यानं बोट लावलं नाही. एस.टी. वळणाआड गेली तेव्हा, आता चारातलं एक पांढरं निघू दे, एवढंच त्यानं मनात म्हटलं. जन्मात पहिल्यांदाच तो आपल्या रानातलं बी पांढरं उगवावं म्हणून देवाला गाऱ्हाणं घालत होता.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सृष्टीचा फोन आला, आबा, सोलापूरला या. का ते सांगितलं नाही. हरिबा धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून एस.टी.त बसला. जाताना केराबाईनं भाकरी आणि चटणी बांधून दिली, पण विद्यापीठाच्या फाटकाशी पोचेपर्यंत त्यानं ते गाठोडं पिशवीत पार तळाशी ढकललं. तिथं काय चालतं, काय चालत नाही, कोण जाणे.

प्रयोगशाळेत तो दोन्ही हात पाठीशी घट्ट धरून शिरला. सृष्टीनं ते बघितलं. ती त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिथं दिव्यांच्या उजेडात मातीचे उथळ ट्रे होते आणि ट्रेमध्ये ज्वारी उगवलेली. हिरवी, हिरवी, मधूनच पांढरी, पुन्हा हिरवी. हरिबा वाकून वाकून बघत राहिला. पांढऱ्या रोपांना बघून एवढा आनंद झालेला शेतकरी दुसरा नसेल.

काम झालं होतं. पहिल्या पेऱ्यातल्या पांढऱ्या रोपांची पानं दळून सृष्टीनं आरएनए काढला होता, आणि हिरव्या रोपांत जो मजकूर नीट कापून जोडलेला दिसत होता, तो पांढऱ्या रोपांत तसाच्या तसा पडून होता. अंदाज खरा ठरला होता. प्रकरण लिहून झालं होतं, सरांची सही झाली होती. ती हे सगळं सांगत होती आणि हरिबा मान हलवत होता. एवढे दिवस छातीवर असलेला दगड उतरला, असं त्यानं मोकळेपणानं सांगूनही टाकलं. हात मात्र पाठीशीच होते.

मग त्यानं विचारलं, ही पांढरी आता मरणार का. मरणार, सृष्टी म्हणाली, दाण्यातलं संपलं की. तिनं फळीवरून एक काचेची बाटली उतरवली. आत पारदर्शक खिरीसारखं काहीतरी होतं, आणि त्यात मुळं रोवून ज्वारीचं एक पांढरं रोप उभं होतं. पानं लांबलेली, ताजी. आठ-दहा दिवसांत मान टाकणारं हे नव्हे, चांगलं महिनाभराचं दिसत होतं.

"हिला सोताचं रांधता येत न्हाय," सृष्टी म्हणाली. "म्हणून मी साखर घालते. साखरेच्या जेलीवर जगलीय. प्रबंधात हिचं काही काम न्हाय आबा. मरू द्यावंसं वाटंना, म्हणून जगवली."

हरिबा बाटलीकडं बघत राहिला. त्याला एकदम भडभडून आलं आणि त्यानं फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले. तेवढ्यासाठी तरी हात पाठीमागून पुढं आले.

बाटलीतलं आता संपत आलंय, नवीन करायचं हाय, असं म्हणून सृष्टीनं टेबलावर काचेचं भांडं ठेवलं, त्यात पाणी आणि कसली कसली पूड घातली. काट्यावर कागद ठेवून साखर मोजली. काटा थरथरत थांबला, तेव्हा तिनं कागद उचलून त्याच्यापुढं धरला.

"तुमी घाला."

हरिबानं विचारलं, "चालंल न्हवं?"

"तुमी घाला आबा."

त्यानं दोन्ही हातांनी कागद घेतला आणि साखर भांड्यात सोडली, कागदाला चिकटलेले दाणेही बोटानं झटकून. भांडं हलवून सृष्टी झाकण शोधायला वळली. हरिबानं भांड्यात वाकून बघितलं. एवढ्या लांब पानांच्या लेकराला एवढीशी साखर त्याला काही पटली नाही. शेजारी साखरेची बरणी उघडीच होती. त्यानं तिच्यात हात घातला आणि चांगली चिमूटभर साखर वरून टाकली.

सृष्टीनं ते बघितलं. तिनं काट्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं, आणि झाकण लावून टाकलं.